मी माघार घेतली नव्हती

मला टीममधून काढलं तेव्हा माझ्या हातांना कणीक लागलेली होती.

शनिवारची दुपार. कॅनबेरात लॉकडाऊन लागून तिसरा आठवडा चालू होता. आमच्या स्किपने, म्हणजे कर्लिंगच्या टीमच्या कप्तानबाईने, "क्विक चॅट, पाच मिनिटं" असा मेसेज टाकला आणि ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच व्हिडिओ कॉल लावला. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, कोपराने बटण दाबलं आणि परातीसमोर उभी राहिले. युरोपातल्या पात्रता स्पर्धेला तीन महिने उरले होते. मला वाटलं, विमानांचं काहीतरी असेल.

स्किप म्हणाली, "तुझा नवरा आयसीयूत आहे. रोज कोविडच्या पेशंटमध्ये असतो. आपल्याला टीमचा बबल सेफ ठेवायला हवा. तुला तर हे सगळ्यात आधी समजेल. म्हणून या वेळी तुझ्या जागी माझी भाची येईल. शी कम्स फ्रॉम अ कर्लिंग फॅमिली, तिच्या रक्तातच आहे."

मी बोलायला लागले. नवरा दोन महिने हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला तयार आहे, हे मी तिला तीन आठवड्यांपूर्वी लिहून कळवलं होतं, त्यावर तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं, हे सांगितलं. भाची एकोणीस वर्षांची आहे, एकही राष्ट्रीय चाचणी खेळलेली नाही, हे सांगितलं. चांगलं दोन मिनिटं बोलले, आवाज चढवून बोलले. स्क्रीनवर बाकी तिघी शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. मग लक्षात आलं की माझा माइक बंद आहे. चिकट बोटांनी टचपॅड हलेना. नळाखाली हात धुऊन परत येईपर्यंत स्किप म्हणत होती, "थँक्स फॉर बीइंग सो ग्रेशस अबाउट इट, मेट." आणि कॉल संपला.

ग्रेशस, म्हणजे मोठ्या मनाची! तो शब्द अजून माझ्या डोक्यात जातो.

कर्लिंग म्हणजे काय हे मला आयुष्यात हजार वेळा सांगावं लागलं आहे, तेव्हा इथेही सांगते. बर्फाची लांब पट्टी असते. एका टोकाकडून वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा, तो पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळात जाऊन थांबायला हवा. टीममध्ये चौघी. एकजण दगड सोडते, दोघी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळतात, म्हणजे दगड लांब जातो आणि कमी वळतो. चौथी पलीकडे उभी राहून ओरडत असते. मी लीड होते. पहिले दोन दगड माझे, आणि नंतर बाकी तिघींच्या सहा दगडांपुढे पळत घासायचं. सगळ्यात जास्त दमणूक त्या जागेवर होते आणि सगळ्यात कमी टाळ्या मिळतात.

आमच्या घरात सगळेच खेळाडू. बाबा कबड्डीतले रेडर, रेल्वेत नोकरी मिळाली ती खेळाच्या कोट्यातून. आई कॉलेजात असताना खो-खोच्या संघाची कप्तान. भाऊ विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळला. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली चषक ठेवलेले असायचे, कारण कपाटात जागा नव्हती. मीही खो-खो खेळायचे, पण सतराव्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि डॉक्टरांनी खुंटाभोवती वळायला बंदी केली. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायचे. मी इंजिनियर झाले, लग्न झालं, नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात काम मिळालं, मला सरकारी खात्यात आयटीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि आम्ही कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात घर केलं.

कर्लिंगला मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नेलं, एका रविवारी सकाळी, उगाच गंमत म्हणून. त्या दिवशी मी पहिल्यांदा ब्रश धरला. तिथले एक म्हातारे कॅनेडियन गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "तू रागावल्यासारखी घासतेस. छान आहे." गुडघा दुखला नाही. बारा वर्षांनी पहिल्यांदा मला धाप लागली होती आणि कुणीतरी "आणखी, आणखी" म्हणून ओरडत होतं.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "झाडू मारायला ऑस्ट्रेलियाला गेलीस काय गं?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले. पण दोन वर्षांनी मी सिडनीच्या टीममध्ये निवडले गेले, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले.

सिडनीची ती टीम म्हणजे एका घराण्याची टीम होती, हे मला उशिरा कळलं. स्किपचे वडील स्कॉटलंडहून आलेले, त्यांनी तिथे खेळ रुजवला. तिचा भाऊ पुरुषांच्या टीममध्ये. भाची लहानपणापासून रिंकवरच वाढलेली. मी शनिवारी संध्याकाळी गुंगालिनहून निघायचे, तीन तास गाडी चालवून सिडनीतल्या ब्लॅकटाउनला पुण्याच्याच एका मैत्रिणीकडे मुक्काम करायचे, आणि रविवारी सकाळी सहाला बर्फावर हजर असायचे. चार वर्षं. कोविडच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही राष्ट्रीय चाचणी जिंकलो. शेवटच्या दगडापुढे मी आणि आमची सेकंड, म्हणजे माझ्यानंतरचे दोन दगड सोडणारी, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, अशा घासत गेलो की दोघी पलीकडच्या भिंतीवर आपटलो आणि तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडलो. ती माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण होती.

मग सगळं बंद पडलं. रिंक बंद, स्पर्धा पुढे ढकलल्या, राज्यांच्या सीमा बंद. नवरा हॉस्पिटलातून आला की गॅरेजमध्ये कपडे उतरवायचा, ते पिशवीत भरायचा आणि तडक बाथरूममध्ये जायचा. आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचो. मी त्याच गॅरेजमध्ये, शून्याखालच्या थंडीत, जुन्या लॅमिनेटच्या फळ्या अंथरून रोज अर्धा तास ब्रश चालवायचे. गुळगुळीत तळाचा एक बूट घालून, पायाखाली दगड नसताना, दगड सोडायचा सराव करायचे. सिडनीतही रिंक बंदच होतं. भाचीलाही बर्फ मिळत नव्हता. मागे पडायला कुणी पुढे नव्हतंच.

कॉलनंतर दोन दिवसांनी सेकंडचा फोन आला. ती रडत होती.

"तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज गेला ना, तो त्या कॉलच्या दोन आठवडे आधीच गेला. मी सही केली तेव्हा पाच नावं बघितली. तुझं नव्हतं."

"पाचवं, राखीव म्हणूनही नाही?"

"नाही."

"आणि तू सही केलीस."

"मी काय करणार होते? मला वाटलं तुझ्याशी बोलणं झालंय."

"कॉलवर तर कळलं ना झालं नव्हतं ते? तेव्हा काय केलंस?"

तिचा माइक तर सुरू होता त्या दिवशी, हे मला आठवत होतं. मी फोन ठेवला. त्यानंतर तिच्याशी मनापासून बोलणं झालेलं नाही. लोक म्हणतात, महामारीत माणसं घाबरलेली होती, सोडून दे. घाबरणं मला समजतं. माझा नवरा दर संध्याकाळी चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन घरी यायचा, भीती आमच्या घरात रोज जेवायला बसायची. पण दोन आठवडे आधी भरलेल्या अर्जाला भीती म्हणत नाहीत. तो बेत असतो. आणि त्यासाठी माझ्या नवऱ्याच्या कामाचं कारण वापरलं, त्याचा मला अजून संताप येतो. हीच बाई आदल्या वर्षी फेसबुकवर डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ टाकत होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "माझ्यामुळे झालं."

"नाही," मी ओरडले. "हेच तिला हवंय. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही."

बाबांना फोन केला. पुण्यातही सगळे घरातच. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते भडकतील, शिव्या देतील. ते शांतपणे म्हणाले, "निवड ही निवड असते. वाद घालायचा नाही. तोंड बंद ठेव, पाय चालू ठेव."

"बाबा, त्यांनी मला फसवलं."

"अगं, मला नाही का फसवलं?" आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात कधी सांगितली गेली नव्हती. राज्याच्या संघात त्यांचं नाव पक्कं होतं. आदल्या दिवशी एका पदाधिकाऱ्याच्या भाच्याला घेतलं. पेपरात छापून आलं, दुखापतीमुळे माघार. "मला काही झालं नव्हतं," बाबा म्हणाले. "पण ऑफिसात लोक विचारायचे, पाय कसा आहे. मग मी चार महिने लंगडत जायचो. निभावलं सगळं. त्या साहेबांशी हात मिळवला. पुढे त्यांनीच प्रमोशनला शब्द टाकला."

ते हसत होते. मला हसू येईना. माझे बाबा, ज्यांच्या पायांचा आख्ख्या गल्लीला अभिमान होता, ते दुसऱ्याच्या खोट्यासाठी चार महिने लंगडले आणि त्याला खिलाडूवृत्ती म्हणत राहिले. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी तीच शिकवली. मी फक्त म्हणाले, "ठेवते."

नोव्हेंबर सरता सरता टीम युरोपला गेली. मी सामने लॅपटॉपवर बघितले. भाची वाईट खेळली नाही, पण तिचे पाय लवकर थकायचे, पाचव्या डावानंतर दगड वर्तुळाच्या आधीच थांबायला लागायचे. टीम सगळे सामने हरली, एक सोडून. आणि मला आनंद झाला. खरं सांगते, मी सोफ्यावर एकटी बसून टाळी वाजवली. मग स्वतःचीच किळस आली, आणि त्या किळसेचाही राग त्यांच्याच खात्यावर टाकला. चार वर्षं मी ज्या जर्सीसाठी गाडी चालवत होते, ती हरल्यावर मला टाळी वाजवावीशी वाटावी, इथवर त्यांनी मला आणलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात सगळं उघडलं. मी सिडनीला जाणं सोडलं होतं. कॅनबेरातच चौघींची टीम केली. एक पन्नाशीतली सरकारी ऑडिटर, एक हॉकी सोडून आलेली फिजिओ, एक मुलगी जिने फक्त सहा महिने खेळ बघितला होता. त्या कॅनेडियन गृहस्थांनी आम्हाला शिकवायचं कबूल केलं. स्किप कोण, हा प्रश्न आला तेव्हा तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी कधी पलीकडच्या टोकाला उभी राहिले नव्हते. पण ओरडायला मला त्या वर्षी अजिबात अवघड गेलं नाही.

राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या दिवशी सिडनीच्या टीमशी गाठ पडली. आम्ही चांगलं खेळलो. सातव्या डावापर्यंत बरोबरी होती. शेवटच्या डावात माझा दगड थोडा जोरात गेला, वर्तुळातून बाहेर निघून गेला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. चूक माझीच होती.

कर्लिंगमध्ये सामना संपला की प्रत्येकीने प्रत्येकीशी हात मिळवून "गुड कर्लिंग" म्हणायचं असतं. कोविडमुळे हाताऐवजी ब्रशला ब्रश टेकवायची पद्धत पडली होती. स्किप माझ्यासमोर आली, ब्रश पुढे केला. मी माझा ब्रश बर्फावर टेकवून उभी राहिले.

"मला काढायचं तुम्ही आधीच ठरवलं होतंत," मी म्हणाले. "अर्ज आधी गेला होता. तेवढं फक्त तोंडाने सांगा."

"धिस इज नॉट द प्लेस, मेट."

"मग प्लेस कुठली? सांग, मी तिथे येते."

शेजारच्या पट्टीवरचा खेळ थांबला. सेकंड खाली बघायला लागली. आणि तेवढ्यात भाची, जिच्याशी मी आयुष्यात दहा वाक्यं बोलले नसेन, म्हणाली, "काढलं म्हणजे? मला सांगितलं होतं की तू स्वतः माघार घेतलीस. नवऱ्याच्या कामामुळे. आंटी, तू सगळ्या क्लबला तसंच सांगितलं होतंस."

स्किपने तिच्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "इट वॉज सिम्पलर दॅट वे."

आता मला उमगलं की गेले काही महिने रिंकवर भेटणारी माणसं मला "हाउ इज युअर हजबंड?" असं एवढ्या मायेने का विचारत होती. त्यांच्या लेखी मी नवऱ्यासाठी खेळ सोडलेली समजूतदार भारतीय बायको होते. कुणाला ते खोटं वाटलं नाही. ते किती सहज पटलं सगळ्यांना, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"मी माघार घेतली नव्हती," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. रिंकमध्ये आवाज घुमतो. "हे तू सगळ्यांना लिहून कळवायचं. तोवर माझा ब्रश टेकणार नाही." भाचीच्या ब्रशला मात्र मी माझा ब्रश टेकवला आणि म्हणाले, "गुड कर्लिंग." तिचे डोळे भरले होते.

आठवड्याने स्किपचं सगळ्या क्लबला ईमेल आलं. दोन ओळी. काही सभासदांचा गेल्या वर्षीच्या निवडीबद्दल गैरसमज झाला असल्यास दिलगिरी. गैरसमज झाला असल्यास! जणू गैरसमज आपला आपण उगवला होता. मी त्याच ईमेलला सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं. अर्ज कधी गेला, कॉल कधी झाला, मी काय कळवलं होतं, सगळं. शेवटी लिहिलं की माझ्या नवऱ्याने त्या काळात रोज आपलं काम केलं आणि त्याच्या कामाचा असा वापर केल्याबद्दल माफी त्याची मागा. तिघांनी मला खासगीत लिहिलं की बरं केलंस. सर्वांसमोर एकानेही लिहिलं नाही.

बाबांनी तो सामना पुण्यात मोबाइलवर बघितला होता. आवाज नीट येत नव्हता, पण दिसत होतं. त्यांचा फोन आला तो गरजतच.

"हात का नाही मिळवलास?"

"ब्रश असतो बाबा तो."

"शहाणपणा नको. हरलीस, तर हात मिळवायचा. आमच्या घरात असं कुणी केलेलं नाही."

"तेच चुकलं आपल्या घराचं."

"काय म्हणालीस?"

"तुम्ही मिळवलात ना हात? आणि वर चार महिने लंगडलात. मी नाही लंगडणार."

त्यांनी फोन ठेवला. सात आठवडे आम्ही बोललो नाही. मी फोन केला की आई उचलायची, मागून टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. बोलले ते चूक नव्हतं, पण बोलताना मला त्यांना दुखवायचंच होतं, हेही खरं आहे. त्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी त्यांच्याच तोंडावर फेकली. त्याचं वाईट वाटतं. स्किपला बोलले त्याचं वाटत नाही.

मग एका रविवारी आईनेच फोन केला. बाबा फिरायला गेले होते. आधी हवापाणी झालं, भावाच्या मुलाचं झालं. मग ती म्हणाली, "तू त्या बाईशी जे वागलीस ना, ते शोभलं नाही."

"माहीत आहे तुझं मत, आई."

"ऐकून घे. शोभलं नाही. पण मला फार बरं वाटलं."

ती पुढे म्हणाली, "माझं लग्न ठरलं त्या वर्षी मीही कप्तान होते. सगळे म्हणतात, हिने लग्नासाठी खेळ सोडला. मीसुद्धा तसंच सांगते. कुणी विचारलंच नाही कधी."

"मग काय झालं होतं?"

"दारात आले वाटतं हे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा आता बोलतात माझ्याशी, स्कोअर विचारतात, त्या दिवसाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. मी अजून खेळते, सेकंड समोर आली की मान हलवते, स्किपचा दगड थांबला की वळूनही बघत नाही. आणि दर रविवारी, बाबांच्या फिरायला जायच्या वेळी, मी आईला फोन लावून विचारते, मग काय झालं होतं. परवा तिने निवड करणाऱ्या सरांचं नाव सांगितलं. त्याआधी एकदा संघाच्या फोटोत ती का नाही ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज वर चढतो, मध्येच ती थांबते आणि म्हणते, "जाऊ दे." मी म्हणते, "नको जाऊ देऊस. बोल."